जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी: लिनक्स मिंट टाकायची रीत

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, ओळखीचे दुकानदार सगळ्यांची एकच तक्रार: "लॅपटॉप तर चालतोय की, मग विंडोज ११ घेत का नाही?" घेत नाही, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखायला प्रोसेसरच्या नावातला आकडा बघा. आय-३ ५००५यू म्हणजे पाचवी, आय-५ ७२००यू म्हणजे सातवी. २०१७ च्या आधी घेतलेले लॅपटॉप इथंच गळतात. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत दिली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते.

असा लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेवर, आणखी काही वर्षं आरामात चालतो. लिनक्सचे प्रकार ढीगभर आहेत, आणि त्यातला कुठला चांगला यावर पोरं तासन् तास भांडतात. नवख्याने त्या वादात पडू नये, सरळ लिनक्स मिंट घ्यावं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, फाइली उघडायची खिडकी, सगळं विंडोजवरून आलेल्याला ओळखीचं वाटतं. फुकट आहे. सध्याची २२ ची मालिका उबंटू २४.०४ च्या पायावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

इन्स्टॉल करणं हा अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ आहे. फसगत होते ती त्याच्या आधी, म्हणून तो भाग जरा इस्कटून सांगतो.

आधी काम बघा

लॅपटॉपवर रोज काय करता, ते एका कागदावर लिहून काढा. ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ, सातबारा काढणं, महाडीबीटीचे फॉर्म, एमपीएससीची तयारी, साधी पत्रं आणि हिशोबाचे तक्ते एवढंच असेल तर बिनधास्त पुढं चला. वर्ड-एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मांडणी कधीमधी इकडची तिकडं होते आणि मॅक्रो घातलेल्या एक्सेल शीट रुसतात.

आता ज्यांनी थांबायचं ते. व्यापारी असाल आणि टॅलीवर धंदा चालत असेल, तर तो लॅपटॉप विंडोजवरच राहू द्या. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीतून टॅली चालवून दाखवणारे भेटतील, पण मार्चअखेरीला ते अडलं की निस्तरायला तुम्हीच असणार. लग्नपत्रिका आणि डिजिटल फ्लेक्स करणाऱ्यांचं कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी लिनक्सवर नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ऑटोकॅडची ड्रॉइंग बघायची-बदलायची असतील, तर लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड आहेत, पण गिऱ्हाइकाची डीडब्ल्यूजी फाइल जशीच्या तशी उघडेल याची खात्री धरू नका. सही करायचं डीएससी टोकन, अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र, यांचंही तेच. अशा माणसाने घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर मिंट टाकावं, कामाच्या नव्हे.

यंत्राची तब्येत

रॅम ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८ जीबी असेल तर सिनॅमन. मिंटवाले स्वतः किमान २ जीबी सांगतात आणि ४ जीबी बरी म्हणतात. २ जीबीवर मिंट सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडल्या की यंत्र धापा टाकायला लागेल. तिथं दोष मिंटचा नाही, आजच्या वेबसाइटच तेवढ्या जड झाल्यात. फक्त ब्राउझरच लागत असेल तर क्रोमओएस फ्लेक्स हाही एक रस्ता आहे. मात्र त्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत आणि विंडोज शेजारी ठेवता येत नाही. ३२-बिट प्रोसेसरची फार जुनी नेटबुकं मिंटच्या कामाची नाहीत, २०२० पासून मिंटची मुख्य आवृत्ती फक्त ६४-बिटची येते.

लॅपटॉप रडतो त्याचं कारण दहातल्या आठ वेळा प्रोसेसर नसतो, फिरती हार्ड डिस्क असते. पैसे खर्च करायचेच तर आधी तिथं करा. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. रॅम वाढवायची असेल तर जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना बहुधा कमी व्होल्टेजची डीडीआर-३ एल लागते, डीडीआर-४ त्या खाचेत बसतच नाही. उघडलाच आहे तर पंख्यातली धूळही काढून घ्या.

सी, डी, ई: सगळ्यात मोठा घोळ

आपल्याकडे लॅपटॉप घेताना दुकानदार डिस्कचे तीन भाग पाडून देतो. विंडोज बिघडलं की "सी फॉरमॅट मारतो, डी-ईमधलं जात नाही" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते डोक्यात पक्कं बसलंय. विंडोज परत टाकताना ते खरं असतं. मिंट टाकताना 'इरेज डिस्क' निवडलं तर अख्खी डिस्क पुसली जाते, सी-डी-ईसकट. लग्नाचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं. ते परत आणून देणारा भेटला तरी त्याचं बिल नव्या लॅपटॉपच्या घरात जातं.

म्हणून बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि डी-ई पूर्ण उतरवून घ्या. सी मधलं विसरू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही सी मध्येच राहतात, आणि घरातली मोठी माणसं सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क गूगल खात्याशी सिंक झालेत का, तेही बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं असतील तर त्या फॉन्टच्या फाइलीही उचला, पुढं लागतील. उतरवून झालं की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली खरोखर उघडून बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नसतं.

पेनड्राइव्ह बनवणं

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यात आधी असलेलं सगळं जाणार, हे ध्यानात ठेवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलीत बांधलेलं) उतरवायची, ती साधारण ३ जीबीची असते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती मधेच अडकते, त्यामुळे घरच्या किंवा मित्राच्या वायफायवर उतरवा. टॉरेंटने उतरवलीत तर तुटलं तरी तिथून पुढं सुरू होतं.

फाइल अर्धवट किंवा खराब उतरली तर इन्स्टॉल नेमकं शेवटाला बोंबलतं. ते टाळायला विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ (फाइलीच्या ओळखीचा लांबलचक आकडा) काढा आणि मिंटच्या पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा अक्षरं-आकडे जुळले तरी आपल्यापुरतं बास.

मग रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, बाकी आहे तसं ठेवून स्टार्ट दाबा. मधे आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं, तिथं आधी आयएसओच घ्या. त्याने सुरू झालं नाही तर पुन्हा बनवताना डीडी. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून काही होत नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा. नाहीतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप लॅपटॉपला अर्धवट झोपवतं, आणि मग मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

लॅपटॉप चालू करताक्षणी कंपनीप्रमाणे कळ टकटक दाबत राहायची. डेलला एफ१२. एचपीला एस्केप आणि मग एफ९. आसुसला एस्केप. लेनोव्होला एफ१२, नाहीतर काही मॉडेलांना कडेला बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून नोवो बटण दाबायचं. एसर जरा हट्टी आहे. आधी एफ२ ने बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये) जाऊन एफ१२ बूट मेनू चालू करावा लागतो. सिक्युअर बूट (अनोळखी यंत्रणा सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायचं झालं तर ती ओळ करड्या रंगाची दिसते, कारण आधी सुपरवायजर पासवर्ड ठेवावा लागतो. तो ठेवलात तर काम झाल्यावर काढून टाका, विसरलात तर पुढच्या वेळी बायोस तुम्हालाच आत घेणार नाही. मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं, त्यामुळे अडलं तरच त्याला हात लावा.

मेनूत पेनड्राइव्हचं नाव निवडा. हिरवा लोगो येऊन पुढं पडदा काळाच राहिला तर परत सुरू करून यादीतला 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या. वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हे घडतं.

इन्स्टॉल न करता वापरून बघा

मिंट आता पेनड्राइव्हवरूनच चालतंय, तुमच्या डिस्कला त्याने अजून हात लावलेला नाही. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चित्र दिसतंय म्हणून लगेच त्यावर तुटून पडू नका. एक चहा होईपर्यंत नुसतं वापरा.

वायफाय दिसतंय का? जुन्या डेल-एचपीमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप असली तर इथं यादी रिकामीच येते. घाबरू नका, मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच येतं. पुढं इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर एका टिचकीत बसतो. यूट्यूब लावून आवाज ऐका. उजेड कमी-जास्त करायच्या कळा, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, सगळं करून बघा. झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा, परत जागा होतो का बघा. जुन्या यंत्रांची खोड नेमकी इथं निघते.

मग 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा. तुमची हार्ड डिस्क निवडून मेनूतून स्मार्ट डेटा बघा. रीॲलोकेटेड सेक्टरचा आकडा शून्य असेल तर उत्तम. तो वाढलेला दिसला तर डिस्क मरायला टेकली आहे, तिच्यावर काहीही टाकण्यात अर्थ नाही. आधी एसएसडी बसवा.

प्रिंटर असेल तर तोही आत्ताच जोडून बघा. मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्या काकूंना त्यांच्या दुकानात पेनड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवलं. बाकी सगळं पसंत पडलं, पण काउंटरवर कॅननचा एलबीपी २९००. हा प्रिंटर आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत असेल. त्याला कॅननचा कॅप्ट नावाचा वेगळाच ड्रायव्हर लागतो आणि लिनक्सवर तो बसवताना चांगल्या जाणकाराचाही घाम निघतो. काकू म्हणाल्या, "राहू दे बाबा, आहे ते बरं आहे." योग्य निर्णय. एचपीच्या १०२० ला मात्र फक्त एचपीचा प्लगइन लागतो, प्रिंटर जोडताना इंटरनेट चालू असलं की तो उतरतो. वायफायवाले नवे प्रिंटर बहुतेक आपोआपच सापडतात.

आता इन्स्टॉल

चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेलीच असते, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद. डिस्कचे भाग पाडताना असं झालं तर सगळंच लटकतं. त्यामुळे महावितरणच्या दुरुस्तीचा दिवस आणि जुलैतली वादळी संध्याकाळ सोडून वेळ निवडा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा.

इन्स्टॉलच्या चित्रावर दोनदा टिचकी मारा. भाषेत मराठी आहे, पण पहिल्या वेळी इंग्रजी ठेवा. काही अडलं आणि तो संदेश शोधायची वेळ आली तर इंग्रजीत उत्तर पटकन सापडतं. भाषा नंतर कधीही बदलता येते. कीबोर्ड इंग्रजी यूएस. पुढच्या पानावर मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर इथं एक पासवर्ड मागतो, तो कागदावर लिहा. पुढं रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्याला घाबरून बटण दाबून बंद करू नका. 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा.

त्यानंतरचं पान महत्त्वाचं, इथं सावकाश.

'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून फक्त मिंट. बॅकअप झालेला असेल आणि विंडोज नको असेल तर हेच घ्या, सगळ्यात कमी कटकटीचं. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील, म्हणजे सीडी ड्राइव्हच्या जागी जुनी डिस्क बसवलेली असेल, तर वरच्या यादीत आकार बघून बरोबर ती डिस्क निवडली आहे ना, दोनदा खात्री करा.

'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोज शेजारी ठेवून मिंट. सुरू करताना कुठलं हवं ते विचारतं. यासाठी आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करून किमान ५० जीबी जागा मोकळी करा, आणि बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी बाहेर लिहून ठेवा. दोन्ही ठेवणाऱ्यांना नंतर एक गंमत दिसते. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंट यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की तात्पुरतं जागेवर येतं. माझं मत विचाराल तर १२८ जीबीच्या डिस्कवर दोघांना कोंबू नये, दोघंही अडखळतात.

तिसरा पर्याय 'समथिंग एल्स'. फक्त सी पुसून डी-ई ठेवता येतात ते यातूनच, पण पार्टिशन वाचता येत नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाकी सोपं आहे. वेळेच्या नकाशावर कोलकाता, म्हणजे आपली भारतीय वेळ. नाव, पासवर्ड. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत होतं, जुन्या डिस्कवर जास्त. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर.

झाल्यावर पहिल्या दिवशी

स्वागताची खिडकी उघडेल. त्यातलं टाइमशिफ्ट आधी लावा. ते यंत्रणेची नोंद ठेवतं, अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. तुमचे फोटो मात्र ते सांभाळत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर, मग अपडेट मॅनेजर. पहिली अपडेट मोठी असते, वायफायवरच करा.

सॉफ्टवेअर हवं असेल तर विंडोजच्या सवयीने सेटअप फाइली शोधत बसू नका. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाका, व्हीएलसीपासून बहुतेक सगळं तिथंच मिळतं. क्रोम आणि झूम त्यांच्याच संकेतस्थळावरून डेब फाइल म्हणून येतात, दोनदा टिचकी मारली की बसतात.

आता मराठी. वाचायचं काम आपोआप होतं, देवनागरीचे नोटो फॉन्ट आधीच असतात. टाइप करण्यासाठी कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउटमध्ये जाऊन भारतीय गटातून मराठी निवडा. सरकारी टायपिंगची सवय असेल तर एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट. ती नसेल तर कगप फोनेटिक. त्यात के ला क आणि शिफ्ट-के ला ख येतं, दोन दिवसांत बोटं बसतात. मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून मराठी उमटायला हवं असेल तर इनपुट मेथडमधून आयबस आणि एम-१७-एन बसवा, त्यात मराठी आयट्रान्स आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. ते बसवल्यावर एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं. ते न केल्यामुळे "मराठी येतच नाही" म्हणून वैतागलेले बरेच आहेत.

श्रीलिपी-कृतिदेवमधल्या जुन्या फाइली इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारख्या दिसतील. बॅकअपमध्ये उचललेल्या फॉन्टच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारून इन्स्टॉल करा, लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून तोच फॉन्ट लावला की वाचता येतो. कायमचं युनिकोड करायचं असेल तर कन्व्हर्टर वापरा, पण र्‍या, द्य, क्ष असली जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. तिथं हमखास गडबड होते.

आणि तो पेनड्राइव्ह लगेच गाण्यांसाठी मोकळा करू नका. कधी लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर अडकला, तर त्याच पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून मेनूतलं बूट रिपेअर चालवता येतं. टाइमशिफ्टची जुनी नोंदही तिथूनच परत बसवता येते.